आधी अडलेली जागा शोधा: केमिस्ट्री आणि थर्मोडायनॅमिक्स मिळून शिकताना

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत मदत बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं होते. एकाला गणित अडतं, दुसरा आपली वही पुढे करतो, पहिला उतरवून घेतो. काम झालं असं दोघांनाही वाटतं. पुढे तेच गणित आकडे बदलून समोर आलं की पहिला पुन्हा तिथेच अडतो. गंमत म्हणजे, वही देणाऱ्यालाही ती पायरी आपण का घेतली होती हे बऱ्याचदा धड सांगता येत नाही.

हा लेख मिळून अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी आहे. मोल (कण मोजण्याचं एकक), स्टॉइकिओमेट्री (अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो त्याचा हिशेब), एन्थाल्पी (स्थिर दाबाला होणाऱ्या उष्णतेच्या देवाणघेवाणीचं माप; तिच्यातला बदल म्हणजे डेल्टा एच), एन्ट्रॉपी (तिच्यातला बदल डेल्टा एस) आणि गिब्ज ऊर्जा (बदल आपोआप होऊ शकेल का ते तिच्यातल्या बदलावरून, म्हणजे डेल्टा जीवरून कळतं) इतकाच भाग धरला आहे. या भागाची एक सोय अशी की चुका वाट्टेल तिथे होत नाहीत. चार ठिकाणी होतात: सिस्टिम (ज्याचा हिशेब करतो तो भाग) कोणती धरली, चिन्ह काय लावलं, एकक कोणतं घेतलं, आणि किती मोलसाठी हिशेब केला. ही चार ठिकाणं माहीत असली की मित्रापेक्षा एक धडासुद्धा पुढे नसताना तुम्ही त्याला मदत करू शकता.

पहिली पायरी: गट लहान ठेवा आणि सुरुवात एकट्यानं करा

तिघं-चौघं पुरे. सहा-सात जण झाले की दोघं बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. सगळे एकाच पातळीचे असावेत असं नाही, पण एकच हुशार आणि बाकी श्रोते अशी रचना झाली तर ती शिकवणी होते. मग हुशाराला कंटाळा येतो आणि इतरांना सवय लागते.

भेटल्यावर पहिला अर्धा तास कोणीही बोलायचं नाही. प्रत्येकानं तीच दोन-तीन गणितं आपापल्या कागदावर सोडवायची, अडलं तर अडलेलं तसंच ठेवायचं. नियम विचित्र वाटतो, पण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. कागदावर स्वतःची चूक उमटलेली नसेल तर चर्चा कशाची करणार? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना एरिक मझूर यांनी १९९१ पासून हाच क्रम वर्गात वापरला: आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या विद्यार्थ्याला आपण कुठे अडलो होतो हे आठवत असतं. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्याला ते आठवेलच असं नाही.

दुसरी पायरी: आधी संकेत जुळवा

गटातले निम्मे वाद केमिस्ट्रीचे नसतातच. दोघांच्या पुस्तकांतले संकेत वेगळे असतात आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत एक सामाईक कागद करा आणि त्यावर पुढच्या गोष्टी लिहून टाका.

सर्वात आधी थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम, म्हणजे ऊर्जेचा जमाखर्च. केमिस्ट्रीची बहुतेक पुस्तकं लिहितात: डेल्टा यू = क्यू + डब्ल्यू. इथे डेल्टा यू म्हणजे सिस्टिमच्या आतल्या ऊर्जेतला बदल, क्यू म्हणजे सिस्टिमला मिळालेली उष्णता आणि डब्ल्यू म्हणजे सिस्टिमवर झालेलं काम. भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत डेल्टा यू = क्यू − डब्ल्यू असतं, कारण तिथे डब्ल्यू म्हणजे सिस्टिमनं केलेलं काम. दोन्ही बरोबर आहेत आणि अंतिम उत्तर एकच येतं, फक्त एका गणितात दोन्ही मिसळायचे नाहीत. दोन्ही विषय एकाच सत्रात असतील तर हा गोंधळ होणारच, असं धरून चाला. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: आपण सगळीकडे सिस्टिमच्या बाजूनं बघतो. आत आलं ते धन, बाहेर गेलं ते ऋण.

मग प्रमाण (स्टँडर्ड) दाब. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८२ साली तो १ अ‍ॅटमॉस्फिअरऐवजी १ बार धरण्याची शिफारस केली, पण जुना आकडा अनेक पुस्तकांत अजून आहे. म्हणून ० °से. तापमानाला आदर्श वायूच्या एका मोलचं आकारमान एकाच्या वहीत २२.४ लिटर असतं आणि दुसऱ्याच्या वहीत २२.७ लिटर. पाच मिनिटं भांडण्यापेक्षा आपल्या अभ्यासक्रमात कोणतं धरतात ते बघा आणि पुढे चला.

वायू स्थिरांकाच्या दोन्ही किमती शेजारी-शेजारी लिहा: ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन, आणि ०.०८२०६ लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर प्रति मोल प्रति केल्विन. त्यांच्याखाली त्यांना जोडणारा दुवा: १ लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ ज्यूल. हा दुवा विसरल्यामुळे कामाची गणितं शंभर पटीनं चुकतात, त्याचा एक नमुना शेवटी येईल. पाण्याची विशिष्ट उष्मा ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. आणि एक आठवण: तापमानातला फरक सेल्सिअसमध्ये घ्या किंवा केल्विनमध्ये, आकडा तोच येतो, पण सूत्रात नुसतं तापमान असेल तर ते केल्विनमध्येच हवं.

तिसरी पायरी: प्रश्न असा विचारा की उत्तर देता येईल

‘मला एन्ट्रॉपी कळत नाही’ या वाक्याला कोणीच मदत करू शकत नाही. ‘हे गणित कसं करायचं?’ यावर फक्त पूर्ण उत्तर मिळू शकतं, आणि ते तर आपल्याला नकोच आहे. विचारताना तीन गोष्टी पुढे ठेवा: प्रश्न जसाच्या तसा, तुम्ही कुठवर आलात ते (एककांसकट), आणि कोणत्या ओळीवर शंका आहे.

उदाहरणार्थ: ‘पाण्यानं घेतलेली उष्णता २८०० ज्यूल आली. डेल्टा एचसाठी हीच किंमत घ्यायची की आणखी कशानं भागायचं, ते कळत नाही.’ या प्रश्नात निम्मं उत्तर आलेलं आहे. पुष्कळदा असा प्रश्न लिहिता लिहिताच गाठ सुटते.

फक्त सूत्र आठवत नसेल तर मात्र एवढा सोपस्कार नको. सूत्र सरळ सांगून टाका. सूत्र लपवून ठेवण्यात शिकवण्याची कला वगैरे काही नाही.

चौथी पायरी: उत्तर देण्याआधी चार प्रश्न

मदत करणाऱ्यानं पेन खाली ठेवावं. हा नियम जड जातो, कारण चुकीची ओळ दिसली की हात शिवशिवतात. त्याऐवजी क्रमानं विचारा: तुझी सिस्टिम कोणती? उष्णता कुठून कुठे गेली? एकक काय? हे किती मोलसाठी?

वरचंच गणित पूर्ण घेऊ. १.० मोलर (लिटरमागे १.० मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि १.० मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड ५० मिलिलिटर, दोन्ही २५.० °से. तापमानाला. साध्या कॅलरीमापीत (उष्णता मोजायच्या भांड्यात) मिसळल्यावर तापमान ३१.७ °से. होतं. उदासिनीकरणाची (आम्ल आणि अल्कलीच्या अभिक्रियेची) एन्थाल्पी काढा. मित्राच्या कागदावर आहे: १०० × ४.१८ × ६.७ = २८०० ज्यूल, म्हणून डेल्टा एच = +२.८ किलोज्यूल प्रति मोल.

‘तुझी सिस्टिम कोणती?’

‘पाणी. म्हणजे द्रावण.’

‘आणि डेल्टा एच कोणाचा मागितलाय?’

‘अभिक्रियेचा... अच्छा. पाण्यानं घेतली म्हणजे अभिक्रियेनं दिली. ऋण हवं.’

‘बरोबर. आता हे २८०० ज्यूल किती मोलचे?’

इथे थांबा. शांतता पडली तर पडू द्या. ०.०५० लिटर गुणिले १.० मोलर म्हणजे ०.०५० मोल आम्ल आणि तेवढंच अल्कली. २.८ किलोज्यूलला ०.०५० नं भागलं की ५६. उत्तर: −५६ किलोज्यूल प्रति मोल. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कलीसाठी पुस्तकांत साधारण −५६ ते −५७ असाच आकडा असतो, तेव्हा उत्तर पटण्यासारखं आहे.

मदत करणाऱ्यानं इथे एकही आकडा सांगितला नाही. आणि मित्रानं चिन्ह स्वतःच दुरुस्त केलं, म्हणून पुढच्या वेळी सिस्टिमचा प्रश्न तो स्वतःलाच विचारेल. त्याच्याकडून आणखी एक गोष्ट वदवून घ्या: वस्तुमान १०० ग्रॅम का घेतलं, ५० का नाही? (तापतं ते सगळं मिश्रण.) आणि मिश्रणाची घनता व विशिष्ट उष्मा पाण्याइतकीच धरली, हे गृहीतक आहे हेही त्याच्या तोंडून यायला हवं.

पाचवी पायरी: मोलचं दुखणं आधी बरं करा

‘थर्मो जमत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांचं खरं दुखणं मोल असतं. तपासायला एक छोटा प्रश्न पुरतो. नायट्रोजन १ मोल आणि हायड्रोजन ३ मोल यांपासून अमोनिया २ मोल तयार होताना डेल्टा एच −९२ किलोज्यूल. आता २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ३ ग्रॅम हायड्रोजन दिला, आणि अभिक्रिया पूर्ण होते असं धरलं, तर उष्णता किती बाहेर पडेल?

‘नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन १.५ मोल, म्हणजे नायट्रोजन कमी, तोच लिमिटिंग’ असं उत्तर आलं तर थर्मोडायनॅमिक्स बाजूला ठेवून लिमिटिंग रिएजंटकडे (आधी संपणाऱ्या पदार्थाकडे) परत जा. नुसते मोल बघून चालत नाही, समीकरणाला किती लागतात ते बघायचं. १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन हवा, आहे १.५. म्हणजे हायड्रोजन आधी संपतो, समीकरण अर्धंच घडतं, अमोनिया १ मोल, आणि उष्णता ४६ किलोज्यूल. −९२ हा आकडा लिहिलेल्या अख्ख्या समीकरणाचा आहे, अमोनियाच्या एका मोलचा नाही. ही एक गोष्ट पक्की झाली की हेसच्या नियमातल्या (टप्प्याटप्प्यांच्या डेल्टा एचची बेरीज म्हणजे एकूण डेल्टा एच) अर्ध्या चुका आपोआप जातात.

हेसचा नियम (१८४०) गटात करायला मजा येते आणि फार वेळही लागत नाही. प्रत्येकाला एकेक समीकरण द्या. कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड: −३९३.५ किलोज्यूल. कार्बन मोनॉक्साइड जळून कार्बन डायऑक्साइड: −२८३.०. दुसरं उलटवणाऱ्यानं चिन्ह बदलायचं, मग बेरीज: −११०.५, हा कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड होण्याचा डेल्टा एच. हा आडवळणाचा मार्ग कशाला, असं कोणी विचारलंच तर उत्तम: कार्बन जाळून फक्त मोनॉक्साइड मिळवणं जमत नाही, थोडा डायऑक्साइड होतोच. त्यामुळे ती उष्णता सरळ मोजणं अवघड जातं.

सहावी पायरी: नेहमीच्या गाठी

काही गैरसमज जवळपास प्रत्येक गटात निघतात. ते ओळखता आले की काम सोपं होतं.

पहिला: ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, बंध बनताना ती बाहेर पडते. वाद घालत बसू नका, हिशेब करा. हायड्रोजनचा एक मोल बंध तोडायला ४३६ किलोज्यूल, क्लोरीनचा २४२. हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बंध बनताना २ × ४३१ = ८६२ बाहेर. एकूण ६७८ − ८६२ = −१८४ किलोज्यूल. अभिक्रिया उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) ठरली ती नवे बंध जास्त मजबूत आहेत म्हणून. जीवशास्त्रात ‘एटीपीचा (पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचा) बंध तुटून ऊर्जा मिळते’ असं ऐकलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. तिथेही पाण्याशी अभिक्रिया होऊन नवे बंध बनतात, आणि हिशेब सगळ्यांचा मिळून करायचा असतो.

दुसरा: ‘उत्स्फूर्त म्हणजे झटपट.’ यावर हिऱ्याचं उदाहरण ठेवणीतलं आहे. २५ °से. तापमानाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होण्याचा प्रमाण डेल्टा जी सुमारे −२.९ किलोज्यूल प्रति मोल, किंमत ऋण, म्हणजे बदल उत्स्फूर्त (आपोआप होऊ शकणारा). तरी हिरे टिकतात, कारण सक्रियण ऊर्जेचा (बदल सुरू व्हायला लागणाऱ्या ऊर्जेचा) डोंगर मध्ये आहे. डेल्टा जी दिशा सांगतो, वेग नाही.

तिसरा: ‘उष्माग्राही बदल आपोआप होत नाहीत.’ अमोनिअम नायट्रेट पाण्यात विरघळताना सुमारे २६ किलोज्यूल प्रति मोल उष्णता शोषतं, द्रावण थंड पडतं, तरी ते विरघळतंच. एन्ट्रॉपी वाढते, आणि खोलीच्या तापमानाला तिचंच पारडं जड होतं.

एन्ट्रॉपीला ‘अव्यवस्था’ म्हणून सोडून देण्याची सवय मला आवडत नाही. त्यातून पसारा आणि नीटनेटकेपणाच्या गप्पा सुरू होतात आणि केमिस्ट्री राहून जाते. ऊर्जा आणि कण किती वेगवेगळ्या प्रकारे विभागले जाऊ शकतात, त्याचं ते माप आहे, एवढं म्हटलं तरी सुरुवातीला भागतं.

चौथी गाठ एककांची आहे, आणि गुण सर्वात जास्त तिच्यामुळे जातात. डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस (टी म्हणजे केल्विनमधलं तापमान). तक्त्यांत डेल्टा एच किलोज्यूलमध्ये असतो, डेल्टा एस ज्यूलमध्ये. यासाठी गटाचा एक छान व्यायाम आहे. बर्फ वितळण्याचा डेल्टा एच ६.०१ किलोज्यूल प्रति मोल, डेल्टा एस २२.० ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. तिघांनी तीन तापमानं घ्या: −१० °से., ० °से. आणि २५ °से.; ही दोन्ही मूल्यं तापमानानुसार बदलत नाहीत असं तूर्त धरा.

२६३ केल्विनवाल्याला: ६.०१ − ५.७९ = +०.२२ किलोज्यूल. २७३ वाल्याला: ६.०१ − ६.०१, म्हणजे जवळपास शून्य. २९८ वाल्याला: ६.०१ − ६.५६ = −०.५५. आता तिन्ही कागद शेजारी ठेवा. गोठणबिंदूच्या खाली धन, वर ऋण, बरोबर त्या बिंदूला शून्य, म्हणजे बर्फ आणि पाणी समतोलात. एककं न बदलता ज्यानं ६.०१ मधून थेट ६५५६ वजा केले त्याचं उत्तर −६५५० येईल, आणि शेजारच्या दोन कागदांपुढे ते इतकं विचित्र दिसेल की चूक दाखवायची गरजच पडणार नाही. एकट्यानं एकच तापमान घेऊन बसलं तर ही चूक खपून जाते.

या व्यायामानंतर कोणीतरी डेल्टा जी आणि प्रमाण डेल्टा जी यांतला फरक विचारतो. थोडक्यात: प्रमाण डेल्टा जी म्हणजे सगळे पदार्थ प्रमाण अवस्थेत असतानाची किंमत, दिलेल्या तापमानाला एकच. साधा डेल्टा जी भांड्यात या क्षणी काय किती आहे त्यानुसार बदलतो आणि समतोलाला शून्य होतो. समतोलाला शून्य होतो तो प्रमाण डेल्टा जी नाही. त्याचा संबंध समतोल स्थिरांकाशी (समतोलाला तयार पदार्थ आणि मूळ पदार्थ यांच्या गुणोत्तराशी) आहे. स्थिरांक १ असेल तेव्हाच तो शून्य.

सातवी पायरी: कोणालाच येत नसेल तेव्हा

असं होईल, आणि त्यात बिघडत नाही. २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जनुकशास्त्राच्या वर्गात दिसलं की सुरुवातीला गटातल्या कोणालाच बरोबर उत्तर माहीत नसलं तरी चर्चेनंतर विद्यार्थ्यांची समज वाढते. मात्र चर्चेला टेकू हवा. केमिस्ट्रीत तीन टेकू आहेत. एककं दोन्ही बाजूंना जुळतात का? आकडा पटण्यासारखा आहे का? (सर्वसाधारण अभिक्रियेचा डेल्टा एच प्रति मोल दहा ते काही हजार किलोज्यूलच्या घरात असतो, लाखात आला तर परत बघा.) टोकाच्या स्थितीत सूत्र काय सांगतं? तापमान शून्य केल्विनकडे नेलं तर डेल्टा जी डेल्टा एचकडे जातो, खूप वाढवलं तर एन्ट्रॉपीचं पद (टी × डेल्टा एस) वरचढ होतं. एवढं करूनही दोन तट राहिले तर दोन्ही उत्तरं कागदावर मांडून शिक्षकांकडे जा. ‘आमची दोन उत्तरं आली, फरक या ओळीपासून आहे’ हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाला आवडतो.

बहुमतानं उत्तर ठरवू नका. तिघांचं एकमत अनेकदा एकाच चुकीवर झालेलं असतं.

प्रयोगशाळेबद्दल थोडं. पद्धत, सूत्रं, आलेख कसा काढायचा, हे एकमेकांना खुशाल सांगा. निरीक्षणं मात्र ज्याची त्याची. आणि घरी करायचं लेखी काम गटात समजून घेतलं तरी लिहिताना सगळे कागद मिटा, एकट्यानं पहिल्या ओळीपासून लिहा. मध्येच अडलात तर ती जागा अजून कच्ची आहे.

आठवी पायरी: मुद्दाम चुकीची गणितं

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवीन गणितं शोधत बसण्यापेक्षा प्रत्येकानं एक गणित मुद्दाम चुकीचं सोडवून आणावं. चुका खऱ्या वाटणाऱ्या हव्यात, बेरीज चुकवणं यात धरायचं नाही. इतरांनी त्या शोधायच्या. चूक पेरायची तर आधी बरोबर काय ते पक्कं माहीत असावं लागतं, त्यामुळे आणणाऱ्याचाच अभ्यास जास्त होतो.

सुरुवातीला हा नमुना घ्या: १ अ‍ॅटमॉस्फिअर एवढ्या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध वायू २.० लिटरपासून ५.० लिटरपर्यंत प्रसरण पावतो. म्हणून डब्ल्यू = १ × ३.० = +३.० ज्यूल. यात दोन चुका आहेत. वायूनं बाहेर काम केलं, म्हणजे आपल्या संकेतानुसार चिन्ह ऋण, आणि ३.० हे लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर आहेत, ज्यूल नव्हेत. बरोबर उत्तर −३०४ ज्यूल. दोन्ही सापडल्या की गटातल्या तिसऱ्यानं पुढचा प्रश्न टाकावा: बाहेर निर्वात असतं तर? ढकलायला समोर काहीच नाही, म्हणून डब्ल्यू शून्य. आणि भांडं उष्णतारोधक असेल, वायू आदर्श असेल, तर क्यूसुद्धा शून्य, डेल्टा यू शून्य, आणि आकारमान अडीच पट होऊनही तापमान होतं तेवढंच.